आई-बाबा बार्जवर राहायला येताहेत: बर्गंडीच्या कालव्यावरचे तीन आठवडे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नवरा-बायकोने मिळून २२ मीटरची जुनी डच बार्ज, म्हणजे पूर्वीची लांबट मालवाहू बोट, घेतली आणि ती फ्रान्समधल्या बर्गंडी कालव्यावर दिजों शहराच्या बंदरात बांधलेली असते. जूनमध्ये पुण्याहून आई-बाबा, बहीण, तिचा नवरा आणि नऊ वर्षांचा भाचा तीन आठवड्यांसाठी येणार आहेत. बाबांचे गुडघे दुखतात, आई शाकाहारी आहेत आणि आतापर्यंत कोणीच बोटीवर राहिलेलं नाही. दिजोंहून निघून पार उत्तरेच्या टोकाला मिजेनपर्यंत जावं, म्हणजे त्यांना जवळजवळ सगळा कालवा दाखवून होईल, असा तुमचा बेत आहे. तो जमेल का आणि तयारी काय करावी, हे तुम्ही विचारलं आहे.

आम्ही बरीच वर्षं याच कालव्यावर राहतो आणि उन्हाळ्यात आमच्याकडेही महाराष्ट्रातून माणसं येतात. त्या अनुभवावरून सांगते, बेत बदला. बोट तीन आठवडे त्यांचं घर असू दे, प्रवास थोडा कमी झाला तरी चालेल.

आधी हिशोब बघा. पूर्ण कालवा २४२ किलोमीटरचा आहे आणि त्यावर १८९ लॉक आहेत, सोन नदीच्या बाजूला ७६ आणि यॉन नदीच्या बाजूला ११३. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. दिजों ते मिजेन म्हणजे साधारण २१० किलोमीटर आणि १६५च्या वर लॉक. एका लॉकला पंधरा मिनिटं धरली तरी चाळीस तास नुसते लॉकमध्ये जातात. कालव्यात ताशी सहा किलोमीटरच्या आसपासच जाता येतं, म्हणजे उरलेले पस्तीस तास चालण्यात. लॉक सकाळी नऊच्या सुमारास उघडतात, दुपारी जेवणाला तासभर बंद असतात आणि संध्याकाळी सहा-सातला मिटतात. सुरुवातीचे दोन-तीन दिवस प्रवासाच्या शिणाचे. मग बाजारहाट, कपडे धुणं, एखादा पावसाचा दिवस, एखादा कोणाचं पोट बिघडल्याचा दिवस. हे सगळं वजा केलं की जे दिवस उरतात त्यांत रोज सहा-सात तास बोट हाकावी लागेल. तुम्ही दोघं सुकाणू आणि दोर यांतच अडकाल आणि आई-बाबांशी निवांत बोलायला रात्री दहानंतरच वेळ मिळेल. ते तुम्हाला भेटायला येताहेत हे विसरू नका.

मी सुचवेन तो मार्ग दिजों ते वांदनेस. अंतर सुमारे ५० किलोमीटर, लॉक पंचेचाळीसच्या वर. एवढ्याला, वांदनेसचा मुक्काम धरून, बारा-तेरा दिवस घ्या आणि परतीला, दिजोंतले शेवटचे दिवस धरून, एक आठवडा ठेवा. उश नदीचं हे खोरं आख्ख्या कालव्यातला सगळ्यांत देखणा भाग आहे, असं माझं मत आहे. दोन्ही बाजूंना झाडीच्या टेकड्या, मध्येच एखादं दगडी गाव, प्रत्येक लॉकपाशी छोटं घर. पाँ-दूशला कालवा काटकोनात वळतो आणि पुलावरून उश नदी ओलांडतो. तिथे बंदर छान आहे, पण डोक्यावरून महामार्गाचा उंच पूल जातो. झोप सावध असलेल्या माणसांना रात्री त्याचा आवाज जाणवतो, म्हणून मुक्काम एका रात्रीपेक्षा वाढवू नका. वांदनेसला मात्र चार-पाच दिवस राहा. समोर टेकडीवर शातोनफचा किल्ला दिसतो, गाव मागे आणि पाँतिएचा तलाव चालत जाण्याच्या अंतरावर. बाबांना किल्ला पायी चढवायला नको, गाडीने वरपर्यंत जाता येतं.

वांदनेसच्या पुढे पुयी गावापाशी ३,३३३ मीटर लांबीचा बोगदा आहे. कालवा तिथे समुद्रसपाटीपासून ३७८ मीटरवर, म्हणजे सर्वांत उंच टप्प्यावर असतो. बोगद्यात एका वेळी एकाच दिशेची वाहतूक असते, आधी वेळ ठरवून घ्यावी लागते, दिवे आणि लाइफ जॅकेट लागतात. भाच्याला हे फार आवडेल. आईंना बंद, ओल्या, अंधाऱ्या जागेत पाऊण-एक तास बसणं आवडेलच असं नाही. हवं तर बोट वांदनेसलाच ठेवा आणि गाडीने पुयीला जाऊन बोगद्याचं तोंड बघून या.

गाडी हवीच. बोटीबरोबर गाडी पुढे सरकवत नेण्याची पद्धत इथे सगळे वापरतात. दुपारी बोट बांधली की एक जण सायकलने काठाच्या वाटेने मागे जातो आणि गाडी घेऊन येतो. पूर्वी घोडे याच वाटेने बोटी ओढायचे. आता ती बहुतेक ठिकाणी सायकलचा रस्ता झाली आहे, जवळपास सपाट, गाड्यांविना. हे काम जावयाला द्या. पाहुणा म्हणून आलेल्या जावयाला सासू-सासऱ्यांच्या समोर दिवसभर नुसतं बसणं जड जातं आणि रोज दहा-बारा किलोमीटरची सायकल हे त्याच्यासाठी कारणही असतं, मोकळा वेळही.

आता लॉक. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पाहुण्यांना इजा होते ती बहुधा इथेच.

दिजोंकडून वर जाताना प्रत्येक लॉकमध्ये तुम्ही खालच्या पातळीवर शिरता. दोन्ही बाजूंना अडीच-तीन मीटरची काळी, शेवाळलेली भिंत असते, लोखंडी शिडीचे गज निसरडे असतात, हवा एकदम गार होते. मागचा दरवाजा बंद झाला की पुढच्या दरवाज्याच्या झडपा उघडतात आणि पाणी उसळत आत येतं. बोट आधी मागे रेटली जाते, मग पुढे ओढली जाते. म्हणूनच वर काठावरच्या लोखंडी खुंटाला दोराचा एक वळसा घालून दोराचं टोक परत डेकवर आणायचं आणि पाणी चढेल तसा ढिला झालेला दोर ओढून घेत राहायचं. दोर डेकवरच्या खुंटाला गाठ मारून कधीही बांधून टाकायचा नाही. येताना, पाणी उतरत असताना, बांधलेला दोर बोटीला एका बाजूने टांगून ठेवतो. दोर धरणाऱ्याची बोटं खुंट आणि दोर यांच्या मध्ये येता कामा नयेत. आणि बोट भिंतीकडे सरकत असेल तर हात किंवा पाय मध्ये घालून तिला अडवायला कोणीही जाऊ नये. तुमची बोट चाळीस-पन्नास टनांची असेल, ती हाताने थांबत नाही. आपल्याकडच्या माणसांचा मदतीला धावण्याचा स्वभाव असतो आणि तो इथे धोक्याचा ठरतो. पहिल्याच संध्याकाळी, बोट बांधलेली असताना, सगळ्यांना एकदा हे हातवारे करून दाखवा.

मग नियम साधा ठेवा. लॉकमध्ये शिरण्याआधी आई-बाबा व्हीलहाऊसमधल्या, म्हणजे सुकाणूच्या खोलीतल्या, खुर्च्यांवर बसलेले असतील. त्या पंधरा मिनिटांत चहा गॅसवर ठेवायचा नाही, जिना चढायचा-उतरायचा नाही. भाचा डेकवर असेल तेव्हा त्याच्या अंगात लाइफ जॅकेट असेल, बोट बांधलेली असली तरीही. पोहता येत असलं तरीही. कालवा फार खोल नसतो, पण पाणी गढूळ असतं, काठ धरायला जागा नसते आणि खाली प्रोपेलर फिरत असतो. कोणी पडलंच तर सुकाणूवरच्या माणसाने पहिल्याप्रथम इंजिन न्यूट्रलला टाकायचं, बाकी सगळं त्यानंतर.

बर्गंडी कालव्यावर लॉककीपर पुष्कळदा स्कूटर किंवा गाडीने तुमच्याबरोबर एका लॉककडून दुसऱ्याकडे येत असतो. उन्हाळ्यात त्यांत कॉलेजची मुलंही असतात. उद्या किती वाजता निघणार आणि कुठे थांबणार हे त्यांना आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं आणि सांगितलेली वेळ पाळावी लागते. नऊ म्हणजे नऊ. आंघोळ-पूजा उरकून निघायचं असेल तर दहा किंवा दुपारी एकची वेळ घ्या, घाई करून आईंना हुसकावू नका. एक बाजूचा दरवाजा हाताने ढकलायला मदत केली तर लॉककीपरला बरं वाटतं. हे काम बहिणीला सहज जमेल. बाबांकडे वही द्या. प्रत्येक लॉकवर नंबर लिहिलेला असतो, दिजोंजवळ पन्नाशीतला, वर जाताना उतरत जाणारा. नंबर, वेळ, गावाचं नाव त्यांनी लिहून ठेवायचं. हे मनोरंजन म्हणून सांगत नाही. कोणाला अचानक बरं वाटेनासं झालं आणि ११२ किंवा १५ नंबर फिरवला, तर रुग्णवाहिकेला सांगायला पत्ता नसतो. शेवटच्या लॉकचा नंबर, जवळचं गाव आणि कोणता काठ, हेच सांगावं लागतं. त्या वेळी बाबांची वही उपयोगी पडते.

बाबांच्या गुडघ्यांचा खरा प्रश्न लॉकमध्ये नाही, काठावर उतरण्यात आहे. कालव्याचे काठ उथळ असतात. मोकळ्या रानात बोट बांधायची म्हटली तर ती काठापासून हातभर लांब राहते आणि मग फळीवरून उतरावं लागतं. तुम्हा दोघांना ते दिसायला रम्य, बाबांना अवघड. म्हणून ते असतील तोवर मुक्काम फक्त बांधीव धक्क्यावर करा आणि बोटीच्या कडेला एका बाजूने घट्ट कठडा बसवून घ्या. व्हीलहाऊसमधून खाली जाणारा जिना डच बार्जमध्ये जवळपास शिडीसारखाच उभा असतो. त्याच्या पायऱ्यांना खरखरीत पट्टी, दोन्ही बाजूंना धरायला दांडा आणि रात्री जळणारा छोटा दिवा, एवढं त्यांच्या येण्याआधी करून घ्या. आई-बाबांना अशी केबिन द्या जिथून संडासला जाताना जिना लागत नाही, मग ती तुमची स्वतःची खोली असली तरी. जूनच्या शेवटी इथे रात्री साडेनऊच्या पुढे सूर्य मावळतो, पहाटे सहाच्या आत उजाडतं. जाड पडदे लावा, नाहीतर सगळ्यांचंच जेवण-झोपेचं चक्र बिघडतं. आणि उन्हाची लाट आली तर लोखंडी बोट दुपारी तापते. सावलीच्या बाजूला बांधा, डेकवर पाणी मारा, दुपारी सगळ्यांना गाडीत घालून एखाद्या जुन्या चर्चमध्ये किंवा मठात न्या. माँबारजवळचा फोंतनेचा मठ १११८ साली स्थापन झालेला आहे आणि त्याच्या दगडी भिंतींच्या आत भर दुपारीही गारवा असतो.

पाणी आणि संडास यांबद्दल आपली माणसं बोलायला संकोचतात, म्हणून यजमानाने आधी बोलावं. तुमची टाकी हजार लिटरची असेल असं धरते. सात माणसांनी माणशी पन्नास लिटर वापरले तरी ती तीन दिवसांत संपते. शॉवर सुरू ठेवून आंघोळ केली की त्याहून लवकर. आमच्या बोटीवर पाहुणे आले की बादली आणि मग बाहेर येतात. अर्ध्या बादलीत स्वच्छ आंघोळ होते, ज्येष्ठांना ती सवयीची असते आणि पाणी किती गेलं ते डोळ्यांना दिसतं. संडासच्या टाकीचं तसंच आहे. मगाने भरपूर पाणी ओतलं की टाकी भराभर भरते आणि ती रिकामी करायची सोय प्रत्येक बंदरात नसते. हाताचा छोटा फवारा बसवा, त्याला पाणी फार लागत नाही. आत कागदाखेरीज काही टाकायचं नाही, हे आईंना तुम्ही आणि बाबांना जावयाने, एकेकट्यात, पहिल्याच दिवशी सांगावं. सगळ्यांसमोर पाटी लावू नका. पाणी भरायची संधी मिळाली की अर्धी टाकी असली तरी भरून घ्या.

विजेचं गणित पाठ करून ठेवा. लहान गावांच्या धक्क्यावर कधी कधी सहाच अँपिअर मिळतात, म्हणजे सुमारे १,३८० वॅट. इलेक्ट्रिक किटली एकटीच दोन हजार खाते. आईंनी चटणीसाठी मिक्सर लावला आणि त्याच वेळी कोणी गीझर सुरू केला की खटका पडणारच. मिक्सर आणि किटली आळीपाळीने. स्वयंपाक गॅसवर करा. इथली नेहमीची टाकी १३ किलोची, ती बाहेरच्या हवेशीर कप्प्यातच हवी. कुकर आपला भारतातला उत्तम चालतो. फोडणी देताना वरची झडप आणि खिडकी उघडी ठेवा, कारण मोहरी-मिरचीच्या धुराने धुराचा अलार्म वाजतो. तो अलार्म बंद करून ठेवायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवा.

जेवणाची काळजी वाटते तेवढी नसते. गव्हाच्या पिठाच्या पुड्यावर टी १५० असा आकडा असेल तर ते सगळ्या कोंड्यासकट दळलेलं, टी ५५ म्हणजे मैद्याच्या जवळचं. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं की पोळी मऊ होते. मसूर डाळ आणि काबुली चणे कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतात, बारीक रवाही मिळतो. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला, हिंग हे मात्र गावात मिळणार नाही. पुण्याहून मागवा किंवा पॅरिसला ला शापेल भागातल्या भारतीय-श्रीलंकन दुकानांतून आधीच भरून ठेवा. दिजोंचा मोठा झाकलेला बाजार मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारी सकाळी असतो. पहिली भाजी तिथूनच घ्या, कारण पुढच्या गावांत दुकान असेलच असं नाही, आणि रविवार दुपार ते सोमवार बरंच काही बंद असतं.

आई काटेकोर शाकाहारी असतील तर एक गोष्ट सांगायलाच हवी. इथल्या बहुतेक पारंपरिक चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असतं, कोंते आणि बर्गंडीचं प्रसिद्ध एपवासही त्यात आले. चालत नसेल तर त्यांना आधी सांगा. खाऊन झाल्यावर कळलं तर त्यांना वाईट वाटेल. फ्रोमाज ब्लां नावाचं दही-चक्क्यासारखं जे मिळतं, त्याच्या डब्यावरही घटक वाचून घ्या. त्यात रेनेट नसेल तर जास्त स्निग्धांशाचं घ्या, रात्रभर पातळ फडक्यात टांगा, साखर, वेलदोडा आणि केशर घाला. असं श्रीखंड आम्ही धक्क्यावरच्या डच शेजाऱ्यांना दिलं आहे आणि त्यांनी वाटी पुसून परत केली आहे.

वांदनेसहून गाडीने तासाभरात फ्लाविन्यी नावाचं डोंगरावरचं गाव आहे. तिथल्या जुन्या मठात बडीशेपेसारख्याच एका दाण्यावर साखरेचे थर चढवून वाटाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या करतात. जेवणानंतर साखरेची बडीशेप खाणाऱ्या माणसाला त्या हातात दिल्या की वेगळं काही समजवावं लागत नाही. त्याच वाटेवर अलेझियाची टेकडी लागते. इ.स.पू. ५२ मध्ये ज्युलियस सीझरने इथेच वेढा घालून गॉल लोकांचा, म्हणजे इथल्या प्राचीन रहिवाशांचा, निर्णायक पराभव केला. इतिहासाची आवड असलेल्या बाबांसाठी तो दिवस राखून ठेवा.

सात माणसं, पातळ भिंती आणि एक न्हाणीघर म्हटल्यावर तिसऱ्या आठवड्यात कुरबुर होणारच. त्यात कोणाचा दोष नसतो. मध्यावर दोन रात्री बहीण, तिचा नवरा आणि मुलाला जवळच्या गावात घरगुती खोली घेऊन द्या. त्यांना ती सहल वाटते, बोटीवर आई-बाबा आणि तुम्ही एवढेच उरता. त्या दोन दिवसांतच आईंशी सर्वांत जास्त बोलणं होतं, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

कागदपत्रांचं काम आजच सुरू करा. नातेवाइकांना तुमच्याकडे राहायला बोलवायचं तर तुमच्या गावच्या नगरपालिकेतून निमंत्रणाचा दाखला घ्यावा लागतो आणि तिथे राहत्या जागेचा पुरावा मागतात. जागा बदलणारी बोट हा पुरावा म्हणून कितपत चालेल, हे प्रत्यक्ष खिडकीवर जाऊन विचारा. बंदराशी वार्षिक करार असेल तर तो बरोबर न्या. पाहुण्यांचा प्रवासातला वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बाबांच्या औषधांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट बरोबर असू दे, इथल्या फार्मसीला भारतीय ब्रँड ओळखता येत नाही. बोटीच्या कागदावर किती माणसांना परवानगी आहे तेही बघून घ्या आणि बोटीच्या विमा कंपनीला पाहुण्यांबद्दल कळवा.

आणखी एक. कालव्याला पाणी पुरवणारे तलाव कोरड्या वर्षी लवकर उतरतात आणि मग लॉकच्या वेळा कमी होतात किंवा एखादा टप्पा बंदच होतो. जलमार्ग खातं, म्हणजे व्हीएनएफ, त्याच्या सूचना प्रसिद्ध करतं. मेपासून त्या दर आठवड्याला वाचा. वरचा टप्पा बंद झालाच तर दिजोंजवळ प्लोंबिएरपर्यंतच जा, तिथेही तलाव आहे, झाडी आहे. आणि परतीच्या विमानाच्या तीन दिवस आधी बोट दिजोंच्या बंदरात परत आणून बांधा. पॅरिसची रेल्वे तिथून दीड तासाच्या आसपास घेते आणि बॅगा भरायला, राहिलेली दिजोंच्या मोहरीच्या चटणीची, म्हणजे मस्टर्डची, खरेदी करायला, बाबांना एकदा शांतपणे शहर बघायला तेवढा वेळ लागतो.